एक की नऊ?

पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत मतदानयंत्र नसते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. अंक मराठी, इंग्रजी किंवा रोमन चालतात. अक्षरी ‘एक’ चालत नाही आणि बरोबरची खूणही चालत नाही. तरीही पदवी घेतलेले लोक खुणा करतात, सह्या ठोकतात, कोऱ्या जागेत ‘जुनी पेन्शन लागू करा’ असेही लिहितात आणि अशा मतपत्रिकांचा ढीग मोजणीच्या टेबलावर पाहता पाहता वाढत जातो. लोकसभेच्या टपाली मतपत्रिकेवर कोणतीही खूण चालते, फक्त कल निःसंशय दिसला पाहिजे. इथे मात्र कल लख्ख दिसत असतानाही मी खुणेची मते बाद केली आहेत आणि दर वेळी मला ते खटकले आहे.

अशाच एका मोजणीच्या रात्री मी एका टेबलाचा पर्यवेक्षक होतो. पहिल्या पसंतीवर कोणाचाही कोटा, म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक, पूर्ण झाला नव्हता. तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि पहाटे दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांत अवघ्या सात मतांचे अंतर उरले. तिसरा बाद होणार होता आणि त्याच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीच निकाल ठरवणार होत्या, त्यामुळे फेरमोजणीची मागणी मान्य झाली.

त्या फेरमोजणीत माझ्याच टेबलावरून आधी वैध म्हणून गेलेली एक मतपत्रिका दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या गठ्ठ्यातून वर आली. तिच्यावर तीन आकडे होते. त्याच्या नावापुढे सरळ उभी रेघ, म्हणजे इंग्रजी किंवा रोमन एक. आणखी एका नावापुढे दोन, पण तो अंक घाईने लिहिला की मराठी आणि इंग्रजी सारखाच दिसतो. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या नावापुढे वर गाठ आणि खाली दांडी असलेला आकडा. तिसऱ्याच्या प्रतिनिधीने बोट ठेवले, ‘‘साहेब, हा मराठी एक आहे. दोन पहिल्या पसंती झाल्या, मत बाद.’’ दुसऱ्याचा प्रतिनिधी म्हणाला, ‘‘इंग्रजी नऊ आहे. चौदा उमेदवारांत नववी पसंती देता येते.’’ दोघांनाही मतदाराशी काही देणेघेणे नव्हते, पण दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

स्केचपेनच्या जाड टोकाने गाठ भरून गेली होती, त्यामुळे दांडी एवढाच पुरावा उरला. माझ्या मते ती सरळ खाली आली होती; मराठी एकाची शेपटी सहसा उजवीकडे झुकते. दोननंतर थेट नऊ लिहिले असेल, तर मधले अंक नसल्याने तो नऊ निरुपयोगी ठरतो, पण पहिली पसंती शाबूत राहते. मी तसे सांगितले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी भिंग मागवले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘दोनवरून नऊवर कोण उडी मारतो?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. नियम ७३ प्रमाणे एकचा अंक एकाहून अधिक नावांपुढे असेल, तर मत अवैध होते. त्यांनी ते बाद केले. अंतर सहावर आले, तिसरा बाद झालाच आणि त्या एका मताने काहीही बदलले नाही.

तरी मी ते अजून घोळवतो आहे. नको असलेल्या उमेदवाराला मुद्दाम नववा क्रमांक देणारा माणूस मला सहज कल्पिता येतो. एकाच कागदावर उभी रेघही काढणारा आणि मराठी एकही लिहिणारा माणूस तर रोज भेटतो. त्या रात्रीच्या माझ्याच तक्त्यात तारीख मराठी अंकांत आहे आणि बेरजा इंग्रजीत. पहिल्या मोजणीत मात्र ती मतपत्रिका मी क्षणभर पाहून पुढे सरकवली होती आणि तिसरा आकडा मला दिसलाही नव्हता.