माउली म्हटलं की ओळख झाली

सासवड, मुक्कामाचा दिवस

पुणे ते सासवड हा पंढरीच्या वारीत माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या, पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवेघाटाची चढण. काल सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. आज पालखी इथेच, म्हणून पालापालांतून गप्पा रंगल्यात. अनोळखी माणसाशी बोलायला याहून चांगला दिवस नाही.

एरवी गाडं अडतं ते हाकेवरच. काका म्हणावं की दादा, ताई की मावशी? वारीत बाई, पुरुष, बंदोबस्तावरचा पोलीस, चहावाला, शाळकरी पोर, सगळे माउली. "राम कृष्ण हरी, माउली" म्हणायचं. समोरचा पाया पडायला वाकला तर आपणही वाकायचं; कोण वयाने मोठं हा हिशेब इथे नाही.

मग गाव विचारावं. नंतर, "कितवी वारी?" उत्तर एका शब्दाचं, दमलेल्यालाही जड जात नाही. गावाचं नाव निघालं की पेरणी झाली का, गुरांकडे कोण, हे ओघाने येतंच. आडनाव मात्र विचारू नये. प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे जात काढायची खोड असते आणि माउली म्हणून मिटवलेलं अंतर पुन्हा उभं राहतं. आल्या आल्या मोबाईल रोखून फोटो मागितला, तरी माणूस मिटतो.

अभंग चालू असताना टाळकऱ्याला बोलतं करू नये. विसाव्याला, टँकरपाशी, ओली लुगडी वाळत घालताना बोलणं सुटतं. थोडा वेळ नुसतं शेजारी बसलं तरी चालतं. एखादी आजी फडक्याची गाठ सोडते, आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी; अर्धी मोडून हातावर ठेवते. नको म्हणू नये, घ्यावी. खाता खाता तिला जात्यावरची ओवी आठवते, आणि तशी ओवी कुठल्या पुस्तकात सापडेलच असं नाही. संध्याकाळी समाजआरतीला, म्हणजे तळावरच्या सगळ्यांच्या आरतीला, चोपदारांनी दंड उंचावला की मात्र गप्पा बंद. सगळा तळ शांत होतो, हरवलं-सापडलं पुकारलं जातं.

उठताना दिंडीचा नंबर विचारून घ्यावा, पालखीच्या रथापुढचा की रथामागचा हेही. दोन्हीकडे नंबर एकपासून सुरू होतात, नुसत्या आकड्यावर भलत्याच पालात जाल. या गर्दीत फोन लागेलच असं नाही. उद्या जेजुरीच्या तळावर दिंड्यांच्या ट्रकवरची पाटी वाचत गेलं की आजी सापडतात.