कॉलर

बुधवार, रात्री ११

आज कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, प्रेसवरच्या काकांनी कॉलरला हात लावला आणि कोण साहेब आलाय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. स्क्रॅपची ट्रॉली होती, तिच्यापलीकडे वाळूच्या लाल बादल्या.

एवढंच झालं. उद्या पहाटे ५:४० ची बस आहे, आईचा फोन दोनदा वाजून गेला, आणि मी हे लिहीत बसलेय.

प्रेस शॉपात कानात इअरप्लग घातले की तोंडाने बोलण्यात अर्थ नसतो. सगळा कारभार खुणांवर. अंगठा ओठाशी नेला की चहा. मनगटावर दोन बोटं आपटली की वेळ झाली. आणि शर्टाची कॉलर चिमटीत धरून जराशी उचलली की साहेब आला. एका प्रेसवरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. साहेब पिवळ्या पट्ट्यांमधून चालत पहिल्या प्रेसपाशी पोचेपर्यंत शेवटच्या प्रेसवरचा गॉगल कपाळावरून डोळ्यांवर आलेला असतो आणि चहाचे ग्लास कंट्रोल पॅनेलच्या मागे गेलेले असतात. फार तर वीस सेकंद.

हे मला शिकवलं ते काकांनीच. इंडक्शनमध्ये, म्हणजे नोकरीला लागल्यावरच्या ट्रेनिंगमध्ये.

त्या इंडक्शनमधलं बाकी काय उरलंय ते आज आठवून बघितलं. कंपनीची मूल्यं पाच होती की सहा, देवाशपथ सांगता येणार नाही. कामशेतला डोळे मिटून पाठीवर पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो. झेललं त्यांनी, नाही म्हणत नाही. झेलणाऱ्यांमधला लातूरकर गेला. त्याचं आज नको. दोन महिन्यांचं होतं सगळं. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली चाकणचा किल्ला शाइस्तेखानापुढे जवळजवळ तेवढेच दिवस लढवला, असं बसमध्ये कुणीतरी सांगितलं तेव्हा सगळे खो खो हसलो होतो. आम्ही पहिल्याच आठवड्यात, ‘संस्थेचे धोरण’च्या चाळिसाव्या स्लाइडला, पांढरं निशाण दाखवलं होतं.

मग सहाव्या आठवड्यात तो खडूचा गोल. टोयोटाच्या टाइची ओनोंची पद्धत म्हणे : नवख्या माणसाला जमिनीवर गोल काढून त्यात उभं करायचं आणि सांगायचं, बघ. बाकी काही करायचं नाही. आमच्या सरांनी मला २५० टनांच्या प्रेससमोर उभं केलं. पूर्ण पाळी, तीस निरीक्षणं. सेफ्टी शूज नवे कोरे, दहा वाजेपर्यंत दोन्ही टाचा सोलून निघालेल्या.

माझं सातवं निरीक्षण मला अजून पाठ आहे. ‘ऑपरेटर प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी दोन बटणे दाबतो. एक बटण पुरेसे. वेळेची बचत शक्य.’

चहाच्या सुट्टीत काकांनी वही मागितली. बोट लावून लावून वाचलं. सातव्यावर बोट थांबलं आणि ते इतके हसले की शेजारच्या प्रेसवाल्यालाही बोलावून दाखवलं.

“आगं पोरी, दुसरा हात कुठं हाय ते मशिनीला कळाया नको का?”

दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय ते धूड खाली येतच नाही. म्हणजे दोन्ही हात बटणावर, डायमध्ये, म्हणजे साच्यात, एकही नाही. एवढ्यासाठी दोन बटणं. मी सातवं खोडलं. काकांनी कुठून तरी रबरी मॅटचा तुकडा आणून माझ्या गोलात टाकला आणि उद्यापासून दोन जोड मोजे घाल म्हणाले.

तिसऱ्या दिवशी प्लँट हेड आले. काकांनी कॉलर उचलली आणि मी, काही विचार न करता, माझी उचलली, पलीकडच्या प्रेससाठी. त्याने गॉगल खाली ओढला. एमबीए, दोन इंटर्नशिप, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, आणि सगळ्या इंडक्शनमध्ये मला जर कशाचा अभिमान वाटला असेल तर त्या एका चिमटीचा.

म्हणून आज लागलं. मी असं केलं तरी काय? कधी आवाज चढवला नाही. ओव्हरटाइमच्या वेळी त्यांची बाजू घेऊन पाटील सरांशी भांडले. दिवाळीला त्यांच्या घरी जाऊन अनारसे खाल्लेत. आजही मी ‘काका’च म्हणाले. ते म्हणाले, “या मॅडम.” पोरीची मॅडम कधी झाली ते मला कुणी कळवलंच नाही. कन्फर्मेशनचं पत्र एप्रिलमध्ये आलं होतं, खरं कन्फर्मेशन आज झालं.

हातात ऑडिटची शीट होती हे मघापासून लिहायचं टाळतेय. फाइव्ह एसची, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीची. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि पाचवा शित्सुके, म्हणजे कुणी सांगायला, बघायला नसतानाही अंगवळणी पडलेली शिस्त. तिला मी मार्क द्यायचे होते. कॉलर उचलल्यानंतर वीस सेकंदांनी.

मग काकांनी काय करायचं होतं? माझ्याकडे प्रेमाने बघत गॉगल कपाळावरच ठेवायचा? मला लिहावं लागलं असतं. नसतं लिहिलं तर ते जास्तच वाईट. त्यांनी स्वतःला वाचवलं की मला, हे काही मला ठरवता येईना. दोन्ही बटणं एकदम दाबली असतील. सवय आहे त्यांना.

शिवाय ती खूण माझ्या देखत केली. मला ती भाषा येते हे त्यांना माहीत आहे, त्यांनीच तर शिकवली. लपवायचं असतं तर पाठ करून केली असती. की विसरले असतील, मी कधी त्या गोलात उभी होते ते? गोल तर पहिल्याच झाडूत गेला असणार.

हे चौथ्यांदा त्याच जागी येतेय मी. पुरे.

शित्सुकेला पाचपैकी चार दिले. एक का कापला ते कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. चार का दिले तेही. पॅनेलच्या मागे बघितलं नाही. ऑडिटर म्हणून बघायला हवं होतं, आणि काय दिसेल ते पाठ होतं म्हणून बघितलं नाही.

निघताना काकांनी अंगठा ओठाशी नेला. चहा. मी मनगटावर दोन बोटं आपटली. मीटिंगला त्या भाषेत खूणच नाही. त्यांनी मान डोलावली आणि प्रेसकडे वळले.

मीटिंग सव्वाचारला होती. तेव्हा चारला दहा कमी होते. पण थांबले असते तर ग्लास त्यांना पॅनेलमागूनच काढावे लागले असते, माझ्यासमोर, आणि शीटवर माझी सही करून झाली होती.