विंचवाचं बिऱ्हाड

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते आणि लाइटही बहुतेक नसते. म्हणूनच मी गुरुवार निवडला. शेजारच्या शेडमधला प्रेस बंद, फोन बंद, विचारायला कोणी नाही. बोर्ड बारा व्होल्टच्या बॅटरीवर, स्कोप (विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र) यूपीएसवर, आणि सोबत सहा महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा, जो मला अजून ‘मॅडम’ म्हणावं की ‘ताई’ या पेचात होता.

आम्ही मोटर कंट्रोलर बनवतो. कॉर्टेक्स-एम४ चिप, १६८ मेगाहर्ट्झ, आणि तिच्यावर कंपनीतच लिहिलेला छोटासा कर्नल, म्हणजे कोणतं काम कधी चालवायचं हे ठरवणारा प्रोग्राम. तो लिहिणारे काका आता निवृत्त होऊन सदाशिव पेठेत असतात. गिऱ्हाइकाला करंट लूप, म्हणजे मोटरचा प्रवाह मोजून तो सांभाळणारी फेरी, सेकंदाला दहा हजारऐवजी वीस हजार वेळा हवा होता. म्हणजे १०० मायक्रोसेकंदांचं काम ५० मध्ये. हा लूप आमच्याकडे टास्क म्हणून, म्हणजे कर्नलने आळीपाळीने चालवायच्या कामांपैकी एक म्हणून, चालतो. थेट इंटरप्टमध्येच, म्हणजे चिप हातातलं सोडून लगेच धावते तिथेच, का नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘चाललंय ना?’

दर फेरीला कर्नल दोनदा टास्क बदलतो : एकदा करंट लूपकडे जाताना, एकदा परतताना. बदल सुरू होताना चिपच्या एका पिनचा व्होल्टेज वर, संपताना खाली, अशी सोय करून स्कोपवर पाहिलं. जाताना २.२ मायक्रोसेकंद, येताना ३.६. कोडचा रस्ता एकच, मग येतानाच एवढा उशीर का?

हे कोडं अर्ध्या तासात सुटलं. पुढे कोणाला चालवायचं हे ठरवताना कर्नल ३२ प्राधान्यांची यादी वरून खाली चाळत होता. करंट लूप सगळ्यात वर, त्यामुळे तो लगेच सापडे. परतताना मात्र तळाच्या डिस्प्लेपर्यंत एकेक दार ठोठावत जायचं. त्याऐवजी ३२ बिटांचा एक नकाशा ठेवला, तयार टास्कचा बिट एक. सुरुवातीची शून्यं मोजणारी सूचना चिपमध्ये असतेच, तिने एका फटक्यात उत्तर दिलं. दोन्ही बाजूंनी २.१.

इथेच थांबून मिसळ खायला गेले असते तर बरं झालं असतं.

पण मला आणखी हवं होतं. टास्क बदलताना चालू टास्कची सगळी रजिस्टरं, म्हणजे चिपमधले चालू आकड्यांचे कप्पे, कुठेतरी नीट ठेवावी लागतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. साध्या टास्कचं बिऱ्हाड हलकं असतं. चिप आपणहून आठ शब्द (एक शब्द म्हणजे चार बाइट) स्टॅकवर, म्हणजे टास्कच्या मेमरीतल्या थप्पीवर, ठेवते, उरलेले आठ कर्नलने ठेवायचे. टास्कने एकदा जरी दशांशाच्या गणिताला, म्हणजे फ्लोटला, हात लावला की चिप आठाऐवजी सव्वीस शब्दांची जागा घेते आणि कर्नलच्या गळ्यात आणखी सोळा पडतात. काकांच्या कोडमध्ये ते सोळा सरसकट सगळ्यांचे ठेवले जात होते, गरज असो नसो. मी अट घातली : फ्लोटवाला असेल तरच.

मुलाने विचारलं, ‘कोणी मागेपर्यंत ठेवायचंच नाही असं करता येत नाही का?’ प्रश्न चांगला होता. लिनक्सनेही इंटेलवर वर्षानुवर्षं हाच आळस केला. २०१६ मध्ये त्यांनी तो सरसकट सोडला, आणि २०१८ मध्ये उघड झालं की त्या आळसामुळे एका प्रोग्रामच्या रजिस्टरांतलं दुसऱ्याला चोरून वाचता येत होतं. तेवढं सांगून मी परत कोडकडे वळले.

तिथे एक ओळ मला फुकटची वाटली. काका प्रत्येक टास्कच्या नोंदीत परतीचा एक आकडा जपून ठेवत होते. शेवटी ‘एफडी’ असलेला (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत, लिहिताना अक्षरंही येतात) तो आकडा मी दहा ठिकाणी पाहिला, दहाही ठिकाणी तोच. मग साठवायचा कशाला? मी ती ओळ उडवली आणि स्थिर आकडा लिहून टाकला.

बोर्ड सुरू केला आणि क्षणात मेला. डीबगरमध्ये फॉल्ट, आणि चिप कुठल्या पत्त्यावर चालायला निघाली होती तर ४४७ए००००. त्या पत्त्यावर आमचं काहीही नाही. मी स्टॅक उलगडला, कंपायलरचा आउटपुट वाचला, बॅटरीवर संशय घेतला, वायरसुद्धा बदलून पाहिली. अडीच वाजले. यूपीएस कुईकुई करायला लागला.

मुलगा मागे उभा राहून बराच वेळ तो आकडा पाहत होता. ‘ताई,’ तो म्हणाला (पेच सुटला बहुतेक), ‘हा पत्ता नसेल. फ्लोट म्हणून वाचला तर हे १०००.० होतं.’

१००० आरपीएम. त्या दिवशी बेंचवर दिलेला वेग. स्पीड टास्क मोटरच्या वेगाच्या आकड्यालाच पत्ता समजून तिकडे निघाला होता!

मग ७२ बाइट सापडले. सव्वीस शब्द ठेवले, आठच उचलले, अठरा तसेच पडून राहिले. स्टॅक ७२ बाइटांनी घसरला, आणि फंक्शन परतताना जिथे पत्ता असायला हवा तिथे फ्लोट रजिस्टरातला आकडा हाती आला. पण आठच का उचलले?

काकांना दुपारी एक ते चार फोन करायचा नाही, हे आमच्याकडे लेखी नाही पण पाळलं जातं. सव्वाचारला केला.

‘परतीचा आकडा काढलास ना?’ मी अजून निम्मंही सांगितलं नव्हतं. ‘फ्लोटवाल्याचा शेवट ईडी असतो गं, एफडी नाही. चौथा बिट बघ. जाताना किती सामान घेऊन गेलीस, त्याची पावती आहे ती.’

दहा ठिकाणी पाहिला होता मी. दहाही टास्क साधे.

ओळ परत घातली. डिस्प्ले टास्कमध्ये तापमानाला ०.१ ने गुणणारी एकुलती एक ओळ होती, तिच्यापायी तो जन्मभर फ्लोटवाला होऊन बसला होता. तिथे पूर्णांकाचं गणित केलं. पुन्हा मोजलं : १.९.

‘किती वाचले?’ काका अजून फोनवर होते.

‘सकाळी अर्ध्या तासात दीड मायक्रोसेकंद,’ मी म्हटलं. ‘नंतर दिवसभरात ०.२.’

काका इतके हसले की मागून काकूंनी काय झालं म्हणून विचारलं.

साडेपाचला लाइट आली. मोटर जोडली, लूप वीस हजारावर ठेवला आणि वेग १०००. दोघांनी वीस मिनिटं नुसता आवाज ऐकला. निघण्याआधी मुलाने त्या ओळीच्या वर काहीतरी टाइप केलं. मी वाकून पाहिलं : ‘ही ओळ काढू नये. काढल्यास ४४७ए०००० येथे भेटू.’