दम्याचे दोन पंप आणि त्यांचे दोन रिसेप्टर

दमा असलेल्या कितीतरी घरांत हे दिसतं, लगेच आराम देणारा निळा पंप कायम खिशात आणि डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला स्टिरॉइडचा पंप कपाटात पडून, का तर म्हणे "तो घेऊन काही वाटतच नाही". माझ्या मावशीचंही हेच म्हणणं. आणि तिचं खरंच आहे, लगेच काही वाटत नाहीच, पण ते का हे कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितोय.

दोन्ही औषधं आपल्याच हार्मोन्सच्या नकला आहेत. किडनीच्या वर अॅड्रिनल ग्रंथी असते, तिच्या आतल्या भागातून अॅड्रिनलिन येतं आणि बाहेरच्या भागातून कॉर्टिसॉल. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल अॅड्रिनलिनसारखं काम करतं, रोजच्या पंपातलं बुडेसोनाइड कॉर्टिसॉलसारखं. ग्रंथी एकच पण पेशीशी बोलायची पद्धत पार वेगळी.

अॅड्रिनलिनला पेशीच्या तेलकट आवरणातून आत शिरता येत नाही, त्यामुळे ते बाहेरूनच बीटा-२ रिसेप्टरला (रिसेप्टर म्हणजे हार्मोन ओळखून पेशीला निरोप देणारं प्रोटीन) चिकटतं, रिसेप्टर आतल्या बाजूने निरोप पुढे नेणाऱ्या जी प्रोटीनला जागं करतो, मग एक एन्झाइम भराभर सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पसरवणारा छोटा रेणू, बनवायला लागतं आणि श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल पडतात. सगळा माल पेशीत आधीच तयार असतो, नवीन काही बनवायचं नसतं, म्हणून पाचेक मिनिटांत मोकळं वाटतं. हा सायक्लिक एएमपी शोधला अर्ल सदरलँड यांनी, 1971 चं नोबेल त्यांना मिळालं, आणि 2012 चं केमिस्ट्रीचं नोबेल याच जातीच्या रिसेप्टर्सवरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना. गंमत म्हणजे हेच अॅड्रिनलिन त्वचेच्या रक्तवाहिन्यांमध्ये अल्फा रिसेप्टरवर बसलं की तिथले स्नायू उलट आवळले जातात! हार्मोन तेच, रिसेप्टर बदलला की काम बदललं.

कॉर्टिसॉलचं तसं नाही. ते चरबीत विरघळतं त्यामुळे थेट आत शिरतं, त्याचा रिसेप्टर पेशीच्या आतच वाट बघत असतो, दोघं मिळून केंद्रकात जातात आणि डीएनएपर्यंत पोचून कुठली जीन्स चालू ठेवायची कुठली दाबायची हे बदलतात. सूज वाढवणारी प्रोटीन्स बनणं कमी होतं. पण आधी बनलेली प्रोटीन्स संपायला, नवी बनायला, श्वासनळीची सूज उतरायला वेळ हा लागतोच, काही तास नाही तर दिवस, कधी आठवडे. म्हणून "काही वाटत नाही".

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. निळा पंप सतत मारत राहिलं की पेशी बीटा-२ रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि हळूहळू त्यांची संख्याच कमी होते, शिवाय सूज तशीच राहते, तिला तर कोणी हातच लावलेला नसतो. आणि स्टिरॉइड काय करतं, तर बीटा-२ रिसेप्टरचंच जीन वाढवतं, म्हणजे रोजचा पंप नियमित असेल तर आरामाच्या पंपाला काम करायला जागा शिल्लक राहते. 2019 पासून जीना या जागतिक गाइडलाइन्समध्येही मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असंच सांगितलंय. आता बऱ्याच जणांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकाच पंपात देतात, फॉर्मोटेरॉल बीटा-२ वर लगेच काम करतं आणि त्याच झुरक्यातलं बुडेसोनाइड केंद्रकाकडे निघालेलं असतं. मावशीला डॉक्टरांनी हाच पंप दिलाय, घेतल्यावर बरं वाटतं म्हणून ती तो घेतेही.