काळीज जांभळाच्या ढोलीत

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘नातवंडांना सांगायच्या प्राण्यांच्या गोष्टी आपण मोठ्यांनी कशाला वाचायच्या?’ बडोद्याच्या दांडिया बाजारात पुस्तकांचा विषय निघाला की हे हमखास येतं.

पंचतंत्रातली माकड-मगरीची गोष्ट घ्या. बडोदेकरांना मगर नवी नाही; विश्वामित्री नदी फुगली की ती सोसायटीच्या फाटकाशी येते. त्यामुळे गोष्टीची कळ आपल्याला चटकन सापडते: भर पाण्यात माकडाचं काही चालत नाही, आणि मगरीला झाडावर चढता येत नाही. सगळा डाव एवढ्यावरच.

बायकोला माकडाचं काळीज हवं म्हणून मगर करालमुख रक्तमुख माकडाला पाठीवर घेऊन निघतो. मध्यावर, आता हा निसटत नाही अशी खात्री पटल्यावर, तो खरं सांगून टाकतो आणि वर सुचवतो, इष्टदेवतेचं स्मरण कर! मित्राचा जीव घेताना पाळलेली ही रीतभात मुलांच्या आवृत्तीत बहुधा गळते, आणि उरते ती नुसती मठ्ठ मगर. माणसाच्या तोंडी हे वाक्य असतं तर त्याला दुष्ट ठरवून आपण मोकळे झालो असतो. मगरीच्या तोंडी आधी हसू येतं, मग ‘वरून ऑर्डर आहे, माझा नाइलाज’ म्हणणारं कुणीतरी आठवतं. माकड मात्र शांतपणे म्हणतं, हे तिथेच सांगायचंस ना, काळीज तर जांभळाच्या ढोलीत राहिलं.

नव्या गोष्टी फसतात त्या इथेच. कोल्ह्याच्या जागी क्लार्क ठेवून पाहा; काहीच बिघडलं नाही तर कोल्हा फुकट गेला.

वाचायला संपूर्ण भाषांतर घ्या, सुरुवात ‘मित्रभेद’ या पहिल्या भागापासून. गोष्टीत गोष्ट असल्याने सांगणारा विसरला जातो, म्हणून कोण कुणाला सांगतंय ते पेन्सिलीने समासात लिहा. पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट करटक हा कोल्हा दमनक या दुसऱ्या कोल्ह्याला सांगतो. दोघेही मंत्र्यांची मुलं, दोघांचीही पदं गेलेली. हे ठाऊक असलं की तो नुसता उपदेश राहत नाही. एक बेकार दुसऱ्या बेकाराला ‘नसत्या भानगडीत पडू नकोस’ म्हणतोय.

दमनक पुढे सिंहाला आणि बैलाला एकमेकांच्या वैराच्या खुणा वेगवेगळ्या सांगून ठेवतो. भेटीत दोघांना नेमक्या त्याच दिसतात. सगळ्यांना बोलता येतं, पण विचारत कुणी नाही. पहिल्या वाचनात श्लोक गाळलेत तरी चालेल, दमनकाच्या तोंडचे मात्र गाळू नका. तो सुविचार सांगत सांगतच फूट पाडतो.