गळ्याखाली उतरलेलं पाणी

डिसेंबरात भडगाव तालुक्यातून, गिरणेच्या पाटावरच्या एका गावातून फोन आला. गाईच्या गळ्याला सूज, घटसर्प दिसतोय, लगेच या. घटसर्प हा जनावरांचा जीवघेणा रोग, नाव ऐकल्यावर हातातलं काम टाकून निघावंच लागतं.

गाय रवंथ करत उभी होती. ताप नव्हता. जबड्याखालची सूज गार आणि मऊ. अंगठ्यानं दाबली तर खळगा तसाच राहिला. घटसर्पाची सूज गरम, दुखरी असते, जनावर हात लावू देत नाही. पापणी उलटली तर आतून कागदासारखी पांढरी.

"दूध आटी गयं साहेब, आते काय करू?" गाईचे मालक आप्पा म्हणाले. चरून आली की सूज वाढते, सकाळी उतरते, हेही त्यांनीच सांगितलं. जंताचं इंजेक्शन देऊन झालं होतं, आयव्हरमेक्टिनचं. गोल जंतांवर ते उत्तम, यकृतातल्या चपट्या कृमीवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

शेण दवाखान्यात आणलं. या कृमीचं अंडं जड, ते तळाला बसतं. शेण पाण्यात कालवून गाळलं, वरचं पाणी ओतत राहिलो, उरलेल्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला. निळ्या पाण्यात सोनेरी-पिवळी अंडी दिसली, एका टोकाला झाकण असलेली. फॅसिओला, म्हणजे तीच यकृतातली चपटी कृमी! पोटातल्या अ‍ॅम्फिस्टोम या दुसऱ्या कृमीची अंडी आकारानं अशीच, पण पांढुरकी असतात.

कृमी रक्त पितात, यकृत पोखरतात. रक्तातलं प्रथिन घटलं की पाणी गळ्याखाली उतरतं. पोटात गेल्यापासून अंडी शेणात दिसेपर्यंत तीन महिन्यांहून जास्त काळ जातो, म्हणून पावसाळ्यातली लागण थंडीत उघडी पडते.

दुपारी आप्पांबरोबर गाय चरायची तिथं गेलो. पाटाच्या पाझरानं दलदल झालेली, गवत हिरवंगार, आणि काठाच्या चिखलात पातळ कवचाचे, रुंद तोंडाचे शंख. या शंखांत वाढलेली कृमीची पिल्लं बाहेर पडून गवताला चिकटतात. एवढा सुंदर चारा दिसल्यावर कोण गाय तिथं सोडणार नाही?

गाय दुभती म्हणून ऑक्सिक्लोझानाइड हे कृमीचं औषध निवडलं. ते मोठे कृमी मारतं, लहान सुटतात, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा डोस ठरवला. डोसानंतर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, ते लेबल वाचून आप्पांना समजावलं. सोबत लोह आणि ढेप. पण त्याच दलदलीवर गाय सोडली तर औषधाचा पैसा पाण्यात. तिथं काट्यांचं कुंपण घालायचं, पाणी हौदावर पाजायचं ठरलं. त्याच गवतावर चरणाऱ्या शेजाऱ्यांच्या जनावरांचं शेणही तपासायला मागवलंय.