डोहावरच्या दोन रात्री आणि भोक पडलेला एक पंख

पहिल्या रात्री दोनशेच्या वर फ्रेम काढल्या आणि जवळपास सगळ्यांत फक्त पाणी होतं. काळंभोर पाणी, त्यावर एक-दोन वलयं, म्हणजे वटवाघूळ आलं, पाणी प्यायलं, निघूनही गेलं आणि माझा कॅमेरा मागून पोचला. उरलेल्या फ्रेममध्ये कुठे पंखाचं पुसट टोक, कुठे नुसतं ढुंगण.

काम असं होतं की वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांना पाणी पितानाचे फोटो हवे होते, त्या क्षणी जबडा, पंख, पाय नेमके कसे धरलेले असतात ते बघायचं होतं त्यांना. ही छोटी किडे खाणारी वटवाघळं, ज्यांना आपण पाकोळ्या म्हणतो, ती काठावर बसून पाणी पीत नाहीत, उडता उडता खाली येतात, खालचा जबडा पाण्यातून ओढत एक घोट उचलतात आणि वर. पापणी लवेपर्यंत संपतं सगळं. मी बरीच वर्षं पक्ष्यांचे उडतानाचे फोटो काढतेय, त्यामुळे माझ्या डोक्यात तेच होतं, शटरचा वेग वाढवायचा, इन्फ्रारेड बीम, म्हणजे न दिसणाऱ्या उजेडाची एक रेघ, पाण्यावरून लावायचा, वटवाघूळ मधे आलं आणि बीम तुटला की कॅमेरा आपोआप क्लिक करेल, झालं.

चूक नेमकी तिथेच होती. बीम तुटल्यापासून शटर खरंच उघडेपर्यंत माझ्या कॅमेऱ्याला साधारण ५०-६० मिलिसेकंद लागतात, शटरपुढचा आरसा आधी वर जायचा असतो ना. दिवसा हे आपल्या लक्षातही येत नाही. पण वटवाघूळ सेकंदाला सहा मीटरने येत असेल तर तेवढ्या वेळात ते ३०-३५ सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं, आणि माझी फ्रेमच जेमतेम ४० सेंटीमीटर रुंद होती. शटर १/८००० सेकंदावर नेऊनही उपयोग नाही, कारण उशीर तेवढाच राहतो, आणि एवढ्या शटरला फ्लॅश हाय स्पीड सिंकवर टाकावा लागतो, त्यात उजेड बारीक बारीक तुकड्यांत येतो आणि फारच कमी पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारभर बसून सगळं उलटं केलं. शटर आधीच उघडं ठेवायचं, दहा-दहा सेकंदांचं एक्स्पोजर, एकामागून एक, आणि बीम जोडायचा तो कॅमेऱ्याला नाही तर थेट फ्लॅशला. काळोख इतका की फ्लॅश पेटल्याशिवाय सेन्सरवर काही उमटतच नाही, म्हणजे फोटो काढतो तो फ्लॅश, शटर नुसतं दार उघडं धरून उभं असतं. आणि फ्लॅश फुल पॉवरवर नाही ठेवायचा, हे फार महत्त्वाचं आहे. फुल पॉवरला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास जळत राहतो, तेवढ्यात पंखाचं टोक सेंटीमीटरभर सरकतं आणि कडा लोण्यासारखी पसरते. १/३२ पॉवरला तोच फ्लॅश १/१५००० सेकंदाच्या आसपास विझतो. उजेड अर्थातच कमी, म्हणून एकाऐवजी चार फ्लॅश, तीन पुढून आणि एक मागून, लेन्सचं छिद्र एफ ११, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ८००. फोकस मॅन्युअल. बीम जिथून जाणार तिथे दोरीला एक वाळकं पान लटकवलं, त्यावर फोकस केला, फोकस रिंगला चिकटपट्टी लावली आणि पान काढून टाकलं.

संध्याकाळी सामान लावत होते तेव्हा सर एकदम म्हणाले, "ताई, तो डबा आधी उचला तिथून." माझ्या फ्लॅशच्या पेटीचं काळं गुळगुळीत झाकण काठावर आडवं पडलं होतं. मला कळेना त्याने काय बिघडतंय. मग त्यांनी सांगितलं की गुळगुळीत आडवा पृष्ठभाग म्हणजे पाणी, असंच वटवाघळांचे प्रतिध्वनी त्यांना सांगतात. श्टेफान ग्रायफ आणि ब्योर्न सीमर्स यांनी २०१० मध्ये हा प्रयोग छापलाय, धातूच्या, लाकडाच्या, प्लास्टिकच्या गुळगुळीत पाट्या ठेवल्या तर वटवाघळं त्यांच्यावरून पाणी प्यायला जायची, तीही पुन्हा पुन्हा. मी ते झाकण उचललं आणि सगळ्या पेट्या कापडाखाली टाकल्या.

अंधार पडला आणि सरांच्या हातातला डिटेक्टर बोलायला लागला. ज्यांना हा आवाज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या वटवाघळांची हाक आपल्या कानाच्या पलीकडची असते, आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही आणि ही ४०-५० ला ओरडत असतात, डिटेक्टर ते खाली आणून ऐकवतो. लांबून टिक... टिक... टिक, पाण्याच्या जवळ आलं की टिकटिकटिक आणि अगदी शेवटी टर्रर्र. त्या टर्ररवर माझा फ्लॅश पडायला हवा होता, आणि पडला! दुसऱ्याच खेपेला स्क्रीनवर पूर्ण वटवाघूळ, दोन्ही पंख आत. मी सरांचा हात घट्ट धरला, बोलायचं नव्हतं ना.

मग तासाभरात येणं कमी झालं. टिकटिक व्हायची, जवळ यायची आणि टर्रर्र व्हायच्या आधीच वर निघून जायची. एकदा मध्ये फ्लॅश झोपले होते, ऑटो स्लीप बंद करायला मी विसरले होते, ते सुधारलं, पण हे वेगळंच होतं. सर डिटेक्टर फिरवत होते आणि मला म्हणाले, "हा आवाज कसला येतोय?" प्रत्येक फ्लॅशनंतर एक सलग स्स्स्स. जवळ जाऊन बघितलं तर माझे फ्लॅश! उडाल्यानंतर परत चार्ज होताना ते बारीक शिट्टी वाजवतात, आपल्याला कान जवळ नेल्यावर थोडीशी ऐकू येते, पण तिचा वरचा भाग डिटेक्टरवर चांगला खणखणीत येत होता. चार-चार फ्लॅश, पाण्यापासून हातभर अंतरावर. जो प्राणी ऐकून रस्ता बघतो त्याच्या रस्त्यातच मी चार शिट्ट्या लावून ठेवल्या होत्या. इतकी वर्षं हे फ्लॅश वापरतेय, कधी मनातही आलं नव्हतं.

सगळं थांबवलं. फ्लॅश तीन मीटर मागे नेले, पॉवर वाढवायची नव्हती म्हणून आयएसओ वाढवला, ३२०० पर्यंत गेले, फोटोत दाणे आले तर येऊ देत. आणि ठरवलं की एक फ्रेम झाली की पुढची दोन मिनिटं फ्लॅश बंद, सलग उडवायचे नाहीत. अर्धा तास नुसते बसून राहिलो. मग एक टर्रर्र झाली, लगेच दुसरी.

त्यानंतर जी फ्रेम मिळाली ती अजून माझ्या भिंतीवर आहे. मागच्या फ्लॅशचा उजेड पंखातून आरपार आलाय, त्यामुळे पंख म्हणजे काय ते दिसतं, तो हात आहे, शब्दशः हात. वर सुटा अंगठा, त्याला बारीक नखी, आणि खाली चार लांबच लांब बोटं, मधे ताणलेली कातडी, तिच्यात रक्तवाहिन्या पानाच्या शिरांसारख्या. जबडा पाण्यात, हनुवटीमागे एक रेघ ओढली गेलीय आणि एक थेंब हवेत. आणि डाव्या पंखात, शेवटच्या दोन बोटांच्या मधे, शर्टाच्या बटणाएवढं भोक. त्या भोकातून मागचा काळोख दिसतो. कडेने गुलाबी नवी कातडी आलेली.

मी घाबरून विचारलं, हे माझ्या स्टँडला वगैरे लागून तर नाही ना झालं. सर म्हणाले, "नाही हो, ही जखम जुनी आहे, कडा बघा ना, भरत आलीय." पंखाची कातडी फाटली तरी काही आठवड्यांत भरून येते म्हणे. तेवढं भोक घेऊन ते अंधारात, पाण्याच्या पापुद्र्यावर अचूक उतरत होतं.

त्याच रात्री पुढच्या फ्रेममध्ये तेच भोक परत दिसलं. साडेनऊला मी फ्लॅश काढून पेटीत ठेवले, सरांना हवं होतं ते मिळालं होतं आणि आणखी काढण्यासारखं काही कारण नव्हतं. राहतात तिथे, म्हणजे त्यांच्या खबदाडीत जाऊन फोटो काढायचे का असं मला नंतर एकाने विचारलं, मी नाही जात, झोपलेल्या, पिल्लं असलेल्या वटवाघळांवर फ्लॅश टाकायचा नसतो, पाण्यावर त्यांना निदान वळून जायला जागा असते.

सामान आवरलं तरी आम्ही निघालो नाही. डिटेक्टर दोघांच्या मधे दगडावर ठेवला आणि ऐकत बसलो. सर बोटांवर टर्रर्र मोजत होते, दहा मिनिटांत सतरा झाल्या.